ओले कपडे, ओला बर्फ: दिवाळीनंतर हिमालयात ट्रेकला जाण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या आसपास दवाखान्यात एक ठराविक रुग्ण येतो. खरे तर तो रुग्ण नसतोच. वय पंचविशी ते चाळिशी, हातात छापील फॉर्म, आणि घाईत म्हणतो, "डॉक्टर, काही झालेले नाही, फक्त फिटनेस सर्टिफिकेटवर सही हवी आहे. परवा केदारकांठाला निघतोय."

मी बीपी तपासतो, नाडी पाहतो, छाती ऐकतो, दम्याचा किंवा हृदयविकाराचा इतिहास विचारतो आणि सही करतो. काही वर्षांपूर्वी अशीच सही घेऊन गेलेला एक तरुण परत आल्यावर पुन्हा माझ्याकडे आला. दोन्ही पायांची बोटे बधिर झाली होती आणि रात्री पायांत आग व्हायची. बोटे काळी पडलेली नव्हती, फोड नव्हते, जखम नव्हती. दोन दिवस तो वितळत्या बर्फातून चालला होता. सुती मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालून, घट्ट बुटांत. रात्री तेच मोजे घालून स्लीपिंग बॅगमध्ये झोपला, "अंगावरच वाळतील" म्हणून. बोटांची जाणीव बऱ्यापैकी परत यायला त्याला चार महिने लागले. पुढच्या थंडीतही त्याचे पाय इतरांपेक्षा लवकर गार पडत होते.

त्याच्या फॉर्मवर मी लिहिलेले सगळे बरोबर होते. पण मोज्यांबद्दल मी विचारले नव्हते. तेव्हापासून सही करताना मी जे सांगतो, ते या लेखात सविस्तर देत आहे.

सह्याद्रीची सवय हिमालयात का चालत नाही?

आपल्याकडे ट्रेकिंगची सुरुवात बहुतेकांची पावसाळ्यात होते. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. चिंब भिजणे हा त्या ट्रेकचा आनंदच असतो. तिथले तापमान साधारण वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते, संध्याकाळी घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ होते आणि फार तर सर्दी होते. त्यातून मनात एक समज पक्का बसतो: भिजलो तरी चालते, चालत राहिले की अंग गरम राहते.

नोव्हेंबरमध्ये उत्तराखंड किंवा हिमाचलात हाच समज महागात पडतो. दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होते. केदारकांठाच्या पायथ्याचे सांक्री गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. सांक्रीत दुपारी १२ अंश असतील, तर शिखरावर त्याच वेळी शून्याच्या आसपास असणार. त्यात वारा आला की त्वचेला ते आणखी थंड लागते. हवा उणे ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेसाठी ते उणे १३ अंशांसारखे असते.

शिवाय तिथे अंधार लवकर पडतो. नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, गढवालात साडेपाचच्या आतच. त्यातही दरीत ऊन त्याच्या बरेच आधी जाते आणि ऊन गेल्यावर तापमान झपाट्याने उतरते.

कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याजवळची थंडी जास्त फसवी

अनेकांना वाटते, जानेवारीतला ट्रेक धोक्याचा आणि नोव्हेंबरमधला सोपा. तापमानाच्या आकड्याकडे पाहिले तर तसे वाटणे साहजिक आहे. पण शरीराच्या दृष्टीने एक फरक महत्त्वाचा आहे.

उणे दहा अंशांना पडणारा बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. जॅकेटवर पडला तर झटकून टाकता येतो. शून्याच्या आसपास पडणारा बर्फ ओला असतो. तो अंगावर पडताच वितळतो आणि कपड्यांत मुरतो. दुपारी पायवाटेवर बर्फ आणि चिखल यांचा रबडा होतो, देवदारांवरून पाणी ठिबकत असते, बुटांत पाणी शिरते. संध्याकाळी तेच पाणी गोठते. म्हणजे एकाच दिवसात तुम्ही आधी भिजता आणि मग गारठता.

पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोरडे कपडे तुम्हाला ऊब देतात ते त्यांच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कपडे भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते आणि ऊब संपते. शिवाय अंगावरचे पाणी वाळायलाही उष्णता लागते आणि ती बरीचशी तुमच्या शरीरातून जाते. कपड्यांत मुरलेले अर्धा लिटर पाणी अंगावर वाळवायचे, तर सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात. तीन पोळ्यांची ऊर्जा फक्त शर्ट वाळवण्यात गेली, असे समजा.

आणि हे पाणी बाहेरूनच येते असे नाही. चढावर जाड जॅकेट घालून घामाने आतून भिजणारे ट्रेकर मी बाहेरून भिजणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. चालताना काही कळत नाही. फोटोसाठी किंवा जेवायला थांबले की दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

हायपोथर्मिया म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीराच्या आतल्या भागाचे, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. फरक फक्त दोन अंशांचा आहे, हे लक्षात घ्या. बर्फात गाडले गेले किंवा नदीत पडले तरच असे होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एवढे पुरते.

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगराळ भागातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारा, थंड पाऊस आणि जोराचा वारा आला. पातळ कपड्यांतल्या १७२ धावपटूंपैकी २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अत्यंत तंदुरुस्त, नावाजलेले धावपटू होते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला आणि नऊ ट्रेकर दगावले. एक घटना मेमधली, एक जूनमधली. म्हणजे कॅलेंडर पाहून धोका ठरवता येत नाही आणि फिटनेस हे त्यावरचे संरक्षण नाही.

तापमान उतरत जाते तसे शरीरात काय होते, ते पाहा.

- सौम्य (३५ ते ३२ अंश): जोराची हुडहुडी, हात गार, बोटे नीट चालत नाहीत, चिडचिड, बोलणे अडखळते, पाय वेडेवाकडे पडतात.
- मध्यम (३२ ते २८ अंश): हुडहुडी कमी होत थांबते, गुंगी, गोंधळ, "मला इथेच बसू द्या" असा हट्ट, नाडी मंद.
- तीव्र (२८ अंशांखाली): बेशुद्धी, श्वास आणि नाडी अतिशय मंद, हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंद पडण्याचा धोका.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हुडहुडी थांबणे. बरोबरचे लोक म्हणतात, "आता बरे वाटतेय त्याला, थरथर थांबली." खरे तर अंग थरथरणे हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा मार्ग आहे. माणूस कोरड्या कपड्यांत येऊन, गरम पिऊन, बोलता-हसता झाला आणि मग थरथर थांबली, तर ते चांगले. ओल्या कपड्यांतच थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला, तर शरीराचे इंधन संपले आहे. पुढच्या टप्प्यात काही जणांना अचानक उकडल्यासारखे वाटते आणि ते कपडे काढू लागतात. हे वेड नव्हे, जीव धोक्यात असल्याची खूण आहे.

घरचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. ताप मोजण्याचे काचेचे थर्मामीटर ३५ अंशांपासूनच सुरू होतात. त्यामुळे आकड्यापेक्षा वागण्याकडे बघा.

जोडीदाराची दोन मिनिटांची तपासणी

हायपोथर्मिया झालेल्या माणसाला स्वतःला तो कळत नाही, कारण निर्णय घेणारा मेंदूच मंदावलेला असतो. म्हणून दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक थांब्यावर एकमेकांना तपासा.

- अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायला सांगा. जमत नसेल तर हात गारठले आहेत.
- एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा पंजा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा.
- शंभरातून सात वजा करत उलटे मोजायला सांगा.
- मघापर्यंत गप्पा मारणारा गप्प का झाला, मागे का पडतोय, बंद का लावत नाही, याकडे लक्ष द्या.

सरळ रेषेत चालता न येणे आणि गोंधळ ही उंचीमुळे मेंदूला सूज आल्याचीही लक्षणे असू शकतात. मधुमेह्यांमध्ये साखर कमी झाली तरी असेच दिसते. डोंगरावर बसून यातले नेमके कोणते, हे ठरवत वेळ घालवू नका. माणसाला कोरडे करा, ऊब द्या, शुद्धीत असेल तर गोड खायला-प्यायला द्या आणि खाली उतरवण्याची तयारी करा. तिन्ही शक्यतांत हे योग्यच ठरते.

कोणी गारठले तर काय करावे?

१. आधी वारा अडवा. तंबू, खडकाचा आडोसा, काहीच नसेल तर ताडपत्री किंवा पोंचो चौघांनी धरून उभे राहा.

२. त्याला थेट जमिनीवर किंवा बर्फावर बसवू नका. खाली मॅट, रिकाम्या सॅक, दोरी, जे असेल ते घाला. जमीन हवेपेक्षा वेगाने उष्णता ओढून घेते.

३. आडोसा मिळाल्यावर ओले कपडे काढा आणि कोरडे घाला. डोके, मान, हात झाका. कोरडे कपडे नसतील आणि आडोसाही नसेल, तर ओल्या कपड्यांवरूनच मोठी प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि त्यावर स्लीपिंग बॅग किंवा जॅकेट घाला. प्लास्टिकमुळे पाण्याची वाफ होऊन उष्णता जाणे थांबते.

४. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. चहा चालेल. त्यापेक्षा महत्त्वाची साखर आहे, कारण थरथरायला इंधन लागते. चिक्की, खजूर, चॉकलेट, जे असेल ते.

५. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात किंवा कापडात गुंडाळून छाती, पाठ आणि काखेत ठेवा. त्वचेला थेट लावू नका, बधिर त्वचा भाजते आणि कळत नाही.

६. थरथर चालू असेल, माणूस नीट बोलत असेल, तरी किमान अर्धा तास त्याला उठवू नका. चालवून गरम करण्याच्या प्रयत्नात हातापायांतले थंड रक्त एकदम हृदयाकडे येते आणि आतले तापमान आणखी उतरते. अर्ध्या तासाने बरा वाटला, तर कोणाच्या तरी सोबतीने हळूहळू चालवा.

७. गुंगी असेल, थरथर थांबली असेल किंवा बेशुद्ध असेल, तर त्याला आडवेच ठेवा आणि अतिशय हळुवार हलवा. गारठलेले हृदय धक्क्यानेही बिघडू शकते. तोंडाने काहीही देऊ नका. मदत मागवा. भारतात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. पण वरच्या कॅम्पवर नेटवर्क नसते हे गृहीत धरा आणि खाली निरोप घेऊन दोघांना पाठवा.

श्वास चालू नाही असे वाटले तर घाईने निष्कर्ष काढू नका. खूप गारठलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी इतकी मंद असते की ती शोधायला पूर्ण एक मिनिट द्यावे लागते. दोन्ही नसतील तर छाती दाबणे सुरू करा. १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या प्रवाहात अडकली. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, तरी ती वाचली. गारठलेल्या माणसाला गरम केल्याशिवाय मृत समजू नये, असे डॉक्टर मानतात ते अशा अनुभवांमुळेच.

काय करू नये?

*ब्रँडी किंवा रम देऊ नका.* दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात. वरून गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. थरथर कमी होते आणि उरलीसुरली समजही जाते.

*हात-पाय चोळू नका.* मालीश केल्याने थंड रक्त आत ढकलले जाते आणि गोठलेली त्वचा फाटते.

*तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, सिगडी, स्टोव्ह पेटवून झोपू नका.* कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. डोंगराळ भागात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. होमस्टेमध्ये मालकाने प्रेमाने अंगीठी आणून ठेवली, तरी झोपण्याआधी ती बाहेर ठेवायला सांगा.

"अर्धी उष्णता डोक्यातूनच जाते" हेही खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या भागाएवढे असते आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. कानटोपी घालाच, पण ती घातली म्हणून ओला शर्ट चालेल असे नाही.

पाय: ट्रेकरचा सर्वांत दुर्लक्षित अवयव

थंडीने पायांना दोन वेगवेगळ्या प्रकारे इजा होते.

पहिला प्रकार हिमदंश. यात त्वचा आणि खालच्या पेशी प्रत्यक्ष गोठतात. बोटे, नाक, कानाच्या पाळ्या यांना धोका जास्त. आधी टोचते, मग बधिर होते. त्वचा पांढरट किंवा पिवळसर, मेणासारखी दिसते आणि दाबल्यास कडक लागते. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे नाही, तिथली जाणीव गेली आहे.

नुकतेच पांढरे पडलेले बोट काखेत किंवा जोडीदाराच्या पोटाशी धरून गरम करा. पण बोट कडक झाले असेल, तर एक नियम पाळा: पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ते वितळवू नका. वितळून पुन्हा गोठलेल्या पेशींचे नुकसान पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. गरज पडली तर गोठलेल्या पायानेच चालत खाली या. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवा. थर्मामीटर नसेल तर दुसऱ्या कोणी तरी कोपर बुडवून पाहावे, पाणी फक्त कोमट लागले पाहिजे. त्वचा मऊ आणि लालसर होईपर्यंत, साधारण अर्धा तास ठेवा. या वेळी खूप दुखते, ते अपेक्षित आहे. शेकोटीजवळ धरू नका, बर्फाने चोळू नका, फोड फोडू नका, नंतर त्या पायावर चालू नका. आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचा, शक्यतो २४ तासांच्या आत. रक्तपुरवठा परत आणणारी काही औषधे लवकर सुरू केली तरच उपयोगी पडतात.

दुसरा प्रकार न गोठता होणारी इजा. इंग्रजीत याला ट्रेंच फूट म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धात चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांना ती झाली. यासाठी बर्फही लागत नाही. शून्य ते पंधरा अंशांत, ओले मोजे आणि घट्ट बूट, बरेच तास किंवा दोन-तीन दिवस, एवढे पुरते. नसांना आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. पाय आधी फिकट, बधिर, लाकडासारखे वाटतात. गरम झाल्यावर लाल होतात, सुजतात, आग होते. माझ्या त्या रुग्णाला हेच झाले होते.

यावर उपचारापेक्षा टाळणे कितीतरी सोपे आहे.

- रोज संध्याकाळी पाय पूर्ण कोरडे करा, बोटांच्या मधल्या फटीही, आणि नीट बघा.
- झोपण्यासाठी लोकरीच्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिक पिशवीत वेगळा ठेवा. तो चालताना कधीही घालायचा नाही.
- दुपारी मोजे ओले झाले तर तिथेच बदला. ओले जोड पोटाशी, आतल्या कपड्यांत ठेवले तर थोडेफार वाळतात.
- दोन जोड घालायचे असतील तर बूट तेवढे मोठे हवेत. आत बोटे हलली पाहिजेत.

कपडे आणि खाणे

सर्वांत आतला थर सुती नको. बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी धरून ठेवतात आणि तासन्‌तास वाळत नाहीत. सिंथेटिक किंवा लोकरीचे थर्मल घ्या. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारे जॅकेट आणि पँट. महागडे ब्रँड लागत नाहीत, पण पावसाळी पँट मात्र लागते, ती बहुतेक जण विसरतात. बुटांवर गेटर्स लावले तर बर्फ आत जात नाही.

चढायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांतच घाम आला, तर थांबून एक थर काढा. थांबल्यावर लगेच तो परत घाला, थंडी वाजायची वाट पाहू नका. एक पूर्ण कोरडा संच सॅकमध्ये प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवा. सॅक खेचरावर दिली असेल, तरी हा संच तुमच्या पाठीवरच्या छोट्या बॅगेत हवा. कचऱ्याची एक मोठी, जाड पिशवी घडी करून बरोबर ठेवा. तिचे वजन नगण्य असते आणि वेळ आली तर ती अंगावर घालता येते.

दर तासाला थोडे खा. राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर हे आपले पदार्थ यासाठी उत्तम आहेत. थंडीत तहान कमी लागते, लघवी मात्र जास्त होते आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे.

काळा चष्माही विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के परावर्तित करतो. चष्म्याविना दिवसभर चालल्यास सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत ते बरे होते, पण तोवर चालणार कसे?

उंचीचा त्रास वेगळा, पण बरोबरच येतो

साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे असा त्रास होऊ शकतो. पर्यटकांसाठी सोपा वाटणारा तुंगनाथही ३,६८० मीटरवर आहे. चोपत्याहून साडेतीन-चार किलोमीटरची चढण, म्हणून अनेक जण ऋषिकेशहून गाडीने येतात आणि दुसऱ्याच दिवशी वर जातात. डोके दुखत असेल तर आणखी वर जाऊ नका. विश्रांतीनंतरही वाढले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असली तरी सोबतीने खाली उतरणे हाच उपचार. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, मित्राच्या पाकिटातून नको.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

- मधुमेह: पायांची जाणीव आधीच कमी असेल तर गारठा कळणारच नाही. इन्सुलिन सॅकमध्ये न ठेवता आतल्या खिशात ठेवा. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नका. ग्लुकोमीटरही थंडीत चुकतो, वापरण्याआधी तो अंगाशी धरून गरम करा.
- थायरॉइड कमी असणे: उपचार नीट चालू नसतील तर शरीर उष्णता कमी निर्माण करते. जाण्याआधी तपासणी करा.
- बीपी आणि हृदयविकार: थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढते. गोळ्या बंद करू नका. छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नका.
- दमा: थंड कोरड्या हवेने धाप लागू शकते. इनहेलर आतल्या खिशात ठेवा.
- झोपेच्या गोळ्या घेणारे: थंडीची जाणीव आणि समज दोन्ही मंदावतात. डॉक्टरांशी आधी बोला.
- लहान मुले: पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसवलेले मूल स्वतः चालत नसते, म्हणून ते उष्णताही निर्माण करत नाही. तुम्हाला घाम येत असतो, तेव्हाच मागे मूल गारठत असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या मानेला आणि पोटाला हात लावून पाहा.
- ज्येष्ठ: वयाबरोबर हुडहुडी भरण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे थंडी वाजत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका.

परत आल्यावर डॉक्टरांकडे कधी जावे?

गरम हवेत येऊन दोन दिवस झाले तरी बोटे बधिर असतील, रात्री आग होत असेल, त्वचा काळपट किंवा निळसर दिसत असेल, फोड आले असतील, किंवा खोकला आणि धाप कमी होत नसेल, तर थांबू नका. "थंडीने झाले असेल, जाईल आपोआप" असे म्हणत माझा रुग्ण तीन आठवडे थांबला होता.

आणि जाण्याआधी फॉर्मवर सही घ्यायला याल, तेव्हा परवा निघायचे असताना आज येऊ नका. महिनाभर आधी या. थायरॉइड, साखर, बीपीत काही निघाले तर दुरुस्त करायला वेळ मिळतो. मी आता प्रत्येकाला शेवटी तीन प्रश्न विचारतो: झोपायचे कोरडे मोजे वेगळे ठेवलेत का? पावसाळी पँट घेतली का? तुमचा जोडीदार कोण? तिन्हींची उत्तरे तयार असतील, तर सही करताना मला बरे वाटते.